वाचनालयाची किल्ली

दिवाळीनंतर काही कामानिमित्त आम्हांला भोपाळास जाण्याचा योग आला. काम अपेक्षेपेक्षा लवकर आटोपले आणि परतीच्या गाडीला दीड दिवसाचा अवकाश उरला, म्हणून अशोका गार्डन या वस्तीत राहणाऱ्या, मूळच्या आपल्याच बाजूच्या एका कुटुंबाकडे आम्ही उतरलो. नाव ऐकून वाचकांच्या डोळ्यांपुढे फुलांचे ताटवे उभे राहतील. तसे तेथे काही नाही. भोपाळ स्टेशनाच्या पूर्वेस असलेली ती एक दाट वस्ती आहे. घराला घर लागलेले, खाली दुकान व वर बिऱ्हाड, आणि गल्लीत मोटारसायकलींची दाटी. कुटुंबातील आजोबा तरुणपणी कारखान्यातील नोकरीसाठी तिकडे गेले ते तिकडचेच झाले. मराठी मात्र त्यांनी सोडली नाही. हे साप्ताहिक टपालाने जाते, ते पुढचा अंक येईपर्यंत पुरवून पुरवून वाचतात, असे त्यांच्या सूनबाईंनी आम्हांला हसत हसत सांगितले.

दिवेलागणीच्या सुमारास आजोबांची नात पाठीवर पिशवी घेऊन घरी आली. कोठून आलीस, असे विचारता ती म्हणाली, "लायब्ररीतून, फादर." आम्हांला आनंद झाला. आजच्या काळात वीस वर्षांची मुलगी रोज ग्रंथालयात जाते, ही वार्ता गावी सांगण्याजोगी होती! आम्ही कौतुकाने विचारले, "मग आज कोणते पुस्तक आणलेस?" त्यावर तिने आधी आजोबांकडे आणि मग आमच्याकडे पाहिले. "फादर, तिथे पुस्तके कुठली? तिथे खुर्ची मिळते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर जाऊन ती जागा आम्ही स्वतः पाहिली. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर लांबट खोली, फळ्या ठोकून पाडलेले लहान लहान कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, एक दिवा व विजेचे एक बटण. खुर्चीला क्रमांक असतो आणि तिचे भाडे महिन्याच्या महिन्याला द्यावयाचे. मुले-मुली आपापली पुस्तके घरून आणून नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करतात. शांतता अशी की, पंख्याचा आवाज मोठा वाटावा. पुस्तकाचे कपाट एकही नाही. दारावर पाटी मात्र ठळक अक्षरांत: 'लायब्ररी'. अशा पाट्या उत्तरेकडील शहरांत हल्ली ठिकठिकाणी दिसतात.

या गोष्टीची थट्टा करावी असे प्रथम आमच्या मनात आले होते. पण त्या मुलीचे घर आम्ही पाहिले होते. दोन खोल्या, पाच माणसे, एक दूरदर्शन संच, आणि वर पाहुणे म्हणून आम्ही! तिने अभ्यास करावा कोठे? तिला हवी होती ती एक स्वच्छ, उजेडाची, शांत जागा. आणि ती फुकट मिळत नाही म्हणून ती विकत घेत होती. दोष तिचा नाही, खुर्ची देणाऱ्याचाही नाही. आमचे लक्ष गेले ते दुसऱ्याच गोष्टीकडे. आजोबा नातीला दारापर्यंत पोहोचवावयास येत, आणि ती आत गेली की परत फिरत. त्यांना आत कोण घेणार? त्यांना कोणती परीक्षा द्यावयाची आहे? एखादे वर्तमानपत्र, पाठीला टेकू असलेले बाक आणि दोन शब्द बोलावयास समवयस्क माणूस एवढ्यासाठी ते महिन्याचे भाडे काय म्हणून भरतील? एकाच घरातील दोन माणसांना वाचनाची जागा हवी होती. एकीला ती पैसे देऊन मिळाली, दुसऱ्याला मुळीच मिळाली नाही.

हे पाहून आम्हांला बडोद्याची आठवण झाली. सार्वजनिक वाचनालय कोणासाठी असते, या प्रश्नाचे इतके व्यवस्थित उत्तर आपल्या देशात त्यापूर्वी कोणी दिले असेल असे आम्हांला वाटत नाही, आणि ते देणारा मनुष्य आपल्या नाशिक जिल्ह्यातला होता. कवळाणे गावच्या गायकवाडांचा गोपाळ हा मुलगा १८७५ साली बडोद्यास दत्तक गेला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. तोच पुढे महाराज सयाजीराव झाला. ज्याने स्वतः बाराव्या वर्षी पाटीवर पहिले अक्षर काढले, त्याला न वाचणाऱ्या माणसाची अडचण वेगळी समजावून सांगावी लागली नसावी.

महाराजांनी आधी शाळा केल्या. १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग झाला आणि पुढे तो सर्व राज्यात लागू केला गेला. पण शाळेतून बाहेर पडलेले मूल चार-पाच वर्षांत वाचणे विसरून जाते, कारण घरी वाचावयास काही नसते, हे त्यांच्या ध्यानात आले. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. तेव्हा १९१० साली त्यांनी तिकडूनच विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून घेतले. हे गृहस्थ तीन वर्षे राहिले आणि तेवढ्या अवधीत त्यांनी एक संबंध खाते उभे केले. राजवाड्यातील स्वतःचा सुमारे २०,००० ग्रंथांचा संग्रह महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालयासाठी देऊन टाकला. राजाच्या कपाटातील पुस्तक उद्या एखाद्या कारकुनाच्या पिशवीत दिसणार होते. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती.

या ग्रंथालयाची रचना मोठी विचारपूर्वक केलेली होती. पुस्तकांची मांडणी पोलादी होती व मजल्यांची जमीन काचेची, त्यामुळे वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपे आणि आगीचेही भय उरत नसे. स्त्रियांसाठी निराळी सोय होती. मुलांसाठी वेगळा कक्ष होता. तेथे पुस्तकांबरोबर खेळही ठेवलेले असत. मूल आधी खेळावयास येते, मग चित्रे पाहते आणि मग केव्हातरी वाचू लागते, हा क्रम त्या मंडळींना ठाऊक होता. आपल्याकडे अजूनही कित्येक वाचनालयांत मुलाने मोठ्याने हसले तर त्याला बाहेर काढतात, आणि तेच मूल मोठेपणी पुन्हा आले नाही की, नवी पिढी वाचत नाही असे म्हणून सुस्कारे टाकतात.

पण आम्हांला अधिक मोह पडतो तो त्यांच्या खेड्यांतील योजनेचा. एखाद्या गावाला वाचनालय हवे असेल तर गावकऱ्यांनी काही रक्कम उभी करावयाची. तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यावयाची आणि तितकीच सरकारने. म्हणजे गावाने एक रुपया घातला की त्याचे तीन व्हावयाचे. गावाचा रुपया मात्र आधी पडला पाहिजे. वाचनालय आपले आहे ही भावना त्या पहिल्या रुपयात असते, असे आम्हांला वाटते. जेथे एवढेही शक्य नव्हते तेथे लाकडी पेट्या जात. मजबूत, कुलूपबंद पेटी. आत पंधरा ते तीस पुस्तके. पेटीच्या वाहतुकीचा खर्च खाते करी. गावात शाळामास्तर किंवा दुसरा कोणी विश्वासू मनुष्य ती उघडे, पुस्तके वाटी, परत घेई आणि पेटी पुढे रवाना करी. आणि ज्यांना वाचताच येत नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी त्याच खात्याची दुसरी शाखा होती. जादूचा कंदील आणि हलत्या चित्रांचे यंत्र घेऊन तिची माणसे गावोगाव हिंडत आणि चित्रांच्या साह्याने लोकांना माहिती सांगत. निरक्षर मनुष्य हाही वाचनालयाचा आश्रित आहे, हे शंभर वर्षांपूर्वी सरकारी खात्याने मान्य केले होते.

येथे थोडे विषयांतर करण्याची वाचकांनी परवानगी द्यावी. पुस्तके उसनी देण्याची ही रीत आपल्या मठांना फार जुन्या काळापासून परिचित आहे. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात घालून दिलेल्या नियमात उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येक संन्याशाला ग्रंथसंग्रहातून एकेक पुस्तक द्यावे व ते त्याने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावे, असे सांगितले आहे. शिवाय एकदोन वडीलधाऱ्यांनी मठात फेरी मारून कोणी वाचनाऐवजी गप्पा तर मारीत नाही ना हे पाहावे, अशीही तरतूद आहे! सेमिनरीत असताना हे प्रकरण आम्ही वाचले तेव्हा त्या फेरी मारणाऱ्यांविषयी आमचे मत फारसे चांगले झाले नव्हते. उलट बाजूही आहे. इंग्लंडमधील हेरफर्डच्या कॅथेड्रलात साखळीने कपाटाला जखडलेले ग्रंथ आजही पाहावयास मिळतात. पुस्तक इतके मोलाचे की ते बांधून ठेवावे आणि पुस्तक इतके मोलाचे की ते हातोहात द्यावे, हे दोन्ही विचार एकाच घरात नांदत आले आहेत.

गोव्याची हकीकतही याच जातीची आहे. पणजीचे सार्वजनिक ग्रंथालय १८३२ साली स्थापन झाले. पुढे दोन-तीन वर्षांतच पोर्तुगीज सरकारने मठ बंद केले आणि तेथील ग्रंथ या ग्रंथालयाकडे आले. ज्या रीतीने ते आले त्याचे दुःख आपल्याला असणारच; तरी संन्याशांची पुस्तके अशा रीतीने नागरिकांच्या हाती गेली, हेही खरे. हे ग्रंथालय आता सोळाव्या शतकातील मराठी ग्रंथकार कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाते आणि २०१२ पासून पाटो येथील नव्या प्रशस्त इमारतीत आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे १८४०, कोल्हापूरचे १८५०. इतका जुना वारसा असलेले प्रांत थोडेच असतील. परंतु ती मूळची वर्गणीदारांची वाचनालये होती. वर्गणी भरणारा तो सभासद, बाकीचे बाहेर. १९६७ साली राज्याने ग्रंथालयांचा कायदा केला व तो १ मे १९६८ पासून अमलात आला. तामिळनाडूत १९४८ च्या कायद्यानुसार घरपट्टीबरोबर ग्रंथालयाचा कर वसूल होतो. आपल्याकडे तसा कर नाही. स्थानिक मंडळीने संस्था स्थापावी, वाचनालय चालवावे आणि सरकारने त्याचा वर्ग पाहून अनुदान द्यावे, अशी आपली पद्धत. वर्ग चार: अ, ब, क आणि ड. अशी मान्यता पावलेली वाचनालये राज्यात अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत, आणि खेड्यांतील बहुतेक खालच्या वर्गांत मोडतात. तेथील ग्रंथपालाला जे वेतन मिळते त्याचा आकडा छापताना आम्हांला संकोच वाटतो, म्हणून तो छापीत नाही.

या पद्धतीत एक धोका आहे आणि एक संधी. धोका असा की, कार्यकारी मंडळ झोपी गेले तर वाचनालयही झोपी जाते. तपासणीच्या आदल्या दिवशी धूळ झाडावयाची आणि दाखल नोंदवही पुरी करावयाची, एवढेच उरते. संधी अशी की, किल्ली गावाच्याच हातात असते. सकाळी आठला उघडावे की दुपारी दोनला, हे ठरविण्यास मुंबईहून हुकूम यावा लागत नाही.

आणि वेळ ही फार मोठी गोष्ट आहे, वाचकहो. आमच्या पाहण्यातील एका तालुक्याच्या गावी वाचनालय सकाळी दोन तास व संध्याकाळी तीन तास उघडे असे. दोन्ही वेळा बायकांच्या स्वयंपाकाच्या. मग महिला सभासद नाहीत अशी तक्रार! ग्रंथपालबाईंनी मंडळाच्या मागे लागून दुपारी दोन ते चार हा वेळ मिळविला, तेव्हा महिनाभरात बाकावर जागा उरली नाही. तेच वाचनालय वरच्या मजल्यावर आहे. उभ्या, अरुंद जिन्याच्या तेवीस पायऱ्या आम्ही स्वतः मोजल्या. गुडघे धरलेले वृद्ध खालीच पायरीवर बसतात आणि शिपाई त्यांना वर्तमानपत्र खाली आणून देतो. हा शिपाई ग्रंथालयशास्त्र शिकलेला नाही. वर्तमानपत्रांचे टेबल तळमजल्यावरील ओसरीत आणावे, ही सूचना मंडळापुढे बरेच दिवस पडून आहे.

अभ्यासिकेविषयीही असाच वाद ठिकठिकाणी चालतो. जुने सभासद म्हणतात, ही पोरे पुस्तक घेत नाहीत, नुसती जागा अडवतात. आम्ही या तक्रारीत सामील होऊ शकत नाही. अशोका गार्डनमधील ती मुलगी आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. आपल्या वाचनालयात एक लांब टेबल, डोक्यावर चांगला दिवा, पाण्याचा माठ आणि मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह एवढे असेल तर गरिबाच्या लेकराचे महिन्याचे भाडे वाचते. स्वच्छतागृहाचा उल्लेख धर्मगुरूंनी करावा काय, असे कोणाला वाटेल. परंतु ज्या जागी ते नाही तेथे मुलगी दोन तासांपेक्षा अधिक बसू शकत नाही, ही गोष्ट आम्हांला अनेक मातांनी सांगितली आहे. मात्र टेबल टेबलाच्या जागी आणि कपाट कपाटाच्या जागी राहावे. कपाटे हलवून सगळीकडे खुर्च्याच मांडल्या, तर आजोबा पुन्हा दारातून परत फिरतील. शिवाय आजकाल खेड्यातल्या माणसाला पुस्तकाइतकीच गरज असते ती अर्ज भरून देणाऱ्याची. सातबारा, शिष्यवृत्ती, परीक्षेचा निकाल, सारे संगणकावर. एक संगणक आणि न रागावता समजावून सांगणारा एक मनुष्य वाचनालयात बसला, तर एरवी कधी न फिरकणारा शेतकरीही तेथे येईल. बडोद्याच्या जादूच्या कंदिलाचे काम आज हेच आहे, असे आम्ही समजतो.

इमारतच नाही, मग काय करावे, असा प्रश्न काही वाचक विचारतील. पाचगणीजवळच्या भिलार गावी ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' सुरू झाले, तेव्हा गावकऱ्यांनी आपल्याच घरांतील खोल्या वाचकांना मोकळ्या करून दिल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' या नावाने पुस्तकांच्या पेट्या धाडावयास आरंभ केला, आणि त्या परदेशांतील मराठी मंडळींपर्यंत पोहोचल्या. सयाजीरावांची पेटी अजून प्रवास करीत आहे म्हणावयाचे.

इतके लिहून झाल्यावर एक गोष्ट सांगितल्यावाचून लेखणी खाली ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आमच्या निवासाच्या पडवीत एक लाकडी कपाट आहे. पूर्वीच्या वाचन मंडळाची व भाविकांनी दिलेली मिळून शे-दीडशे पुस्तके त्यात आहेत. पुस्तके हरवतात म्हणून आम्हीच त्याला कुलूप घातले आणि किल्ली आमच्या मेजाच्या खणात ठेवली. सहावीतला एक मुलगा पुस्तक मागावयास तीनदा आला. एकदा आम्ही आजाऱ्याकडे निघालो होतो, एकदा सभा होती, तिसऱ्या वेळी कारण काय होते ते आता आठवत नाही. तिन्ही वेळा आम्ही त्याला "उद्या ये" म्हणालो. चौथ्यांदा तो आला नाही. यात दोन वर्षे गेली. भोपाळहून परतल्यावर कपाट उघडले तो खालच्या फळीला वाळवी लागलेली. अकरा पुस्तके पार गेली होती. कुलुपाने त्यांचे रक्षण केले नाही. तो मुलगा आता आठवीत आहे. त्याला मुद्दाम बोलावून घेतले. आला, संकोचून उभा राहिला, आणि आता वेळ नसतो म्हणाला.

हल्ली किल्ली पडवीतच खिळ्याला टांगलेली असते. शेजारी एक वही आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. ज्याने त्याने आपले नाव, पुस्तकाचे नाव व तारीख लिहावी आणि न्यावे. आजवर एकतीस पुस्तके गेली व चोवीस परत आली. सातांपैकी पाच कोठे आहेत ते वहीत आहे. दोघांनी नाव लिहिले नाही. पेन्सिल एकदा चोरीला गेली.

आजोबांना आम्ही या कपाटातील सहा पुस्तके टपालाने धाडली होती. त्यांचे पत्र गेल्या आठवड्यात आले. चार वाचून झाली, पाचवे पूर्वी वाचलेले निघाले, आणि सहाव्याचा टाईप फार बारीक असल्याने नात रात्री जेवणानंतर त्यातील दोन-दोन पाने वाचून दाखवते, असे त्यांनी लिहिले आहे. तिचे मराठी उच्चार हिंदी वळणाचे आहेत, ते ते मध्येच थांबवून दुरुस्त करतात, त्यावरून दोघांत भांडण होते. पुढच्या खेपेस अक्षर मोठे असलेली पुस्तके पाठवावीत, अशी सूचना पत्राच्या शेवटी आहे.